देवाच्या मेंढरांची डोण

मित्रांनो, माजलगावकडून आमच्या वस्तीकडं वळलात, की मारुतीच्या पारासमोर एक काळी दगडी डोण दिसेल. कडेला चीर गेलेली, पोटात वाळका पाला. ती मीच.

वस्तीवरच्या मेंढपाळ भामाबाईंच्या सासऱ्यांनी मला पाथरवटाकडून एका अखंड दगडातून कोरून घेतलं. त्यांच्या कळपातली काही मेंढरं बिरोबाच्या नावानं सोडलेली असत. बाकीचा कळप तळ्यावर पाणी पिई. पण देवाच्या मेंढरांना उष्टं पाणी पाजत नसत. त्यांच्यासाठी आडाचं पाणी शेंदून माझ्यात ओतलं जाई. भामाबाई पाण्यावरचं एकेक पान हातानं वेचून काढत. सप्ताहात पारावर कीर्तन रंगलं, की टाळांच्या नादानं माझं पाणीसुद्धा थरथरे. मला वाटे, आपल्याएवढं पुण्य कुणाचं!

कीर्तनकार बुवा एकदा म्हणाले होते, "बाबांनो, सुपात दाणाबी असतो अन् फोलपटबी. पाखडल्याबिगर तोंडात टाकू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता तळ्यावर जाणारी मेंढरं झुरू लागली. जबड्याखाली सूज येई, पाय लटपटत आणि एखादं सकाळी उठतच नसे. भामाबाईंचं सारं घर त्या कळपावर चालायचं. त्यांचा मुलगा सुग्रीव घाबरला आणि गावातल्या झाडपाल्याची औषधं देणाऱ्या बंकटकडून काढा घेऊन आला.

त्याची बायको सुकन्या बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली. ती म्हणाली, "समद्यांना एकदम नका पाजू. थोड्यांना पाजा, बाकीच्यांना नको. मंग गुण येतो का न्हाई ते कळंल."

"अन् कोणाला न्हाई पाजायचं?" सुग्रीव म्हणाला. "तू सांगतीस का त्या मेंढराच्या कानात?"

"चिठ्ठ्या टाकू."

भामाबाईंनी कपाळाला हात लावला. "चिठ्ठीत देवाचं मेंढरू राहिलं म्हंजे? पाप लागंल, बाई! आधी त्यांना पाजा."

भाव खरा होता, मित्रांनो. पण काढा होता थोडा, त्यामुळं तो मिळाला फक्त देवाच्या मेंढरांना. तळ्यावरची मरत राहिली आणि देवाची ठणठणीत राहिली.

सुग्रीव पारावर ओरडला, "बगितलं? काढा न्हाई, अमृत हाय!"

"पण ती पाणीबी येगळं पितेत," सुकन्या म्हणाली. "गुण काढ्याचा का पाण्याचा, कसं वळखायचं?"

"मंग उद्या डोणीलाच नारळ फोड!"

पार हसला. सुकन्या खाली मान घालून घरात गेली.

मग आणखी काढा आणून साऱ्या कळपाला पाजला. सुग्रीव आईला म्हणाला, "आता पाणी शेंदायचं कावून? हात किती सुजलेत तुझे. देवाची मेंढरंबी जाऊ दे तळ्यावर. काढा हाय ना."

लेकाच्या मायेपुढं भामाबाईंचं काही चाललं नाही. त्या दिवसापासून मी कोरडी पडले.

दिवाळी झाली आणि देवाच्या मेंढरांच्याही जबड्याखाली सूज दिसू लागली. त्यांतली चांदी नावाची म्हातारी मेंढी एका दुपारी लडखडत माझ्याकडं आली. माझ्या कोरड्या पोटात तोंड घालून तिनं दगड चाटला, चाटला आणि तिथंच बसली.

भामाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "सुग्रीवा, काढा पाजला व्हता ना रे हिला?"

"पाजला व्हता, आई. रोज."

"मंग बदललं काय?"

सुकन्यानं माझ्या काठावर हात ठेवला आणि ती रडू लागली.

पुढं गुरांचे डॉक्टर आले. तळ्याकाठच्या गोगलगायींतून पाण्यात येणारा किडा मेंढरांच्या काळजात, म्हणजे यकृतात, शिरतो, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा औषध द्यायला फार थोडी मेंढरं उरली होती. तीही वाचली नाहीत. आता भामाबाईंच्या हातात काठी आहे. काठीपुढं कळप नाही. माझ्यात पाणी ओतायचं तरी कोणासाठी?

मित्रांनो, दोन गोष्टी एकत्र बदलल्या, तर गुण कुणाचा हे कळत नाही. एकच बदला, बाकी सारं सारखं ठेवा, मग बघा. त्यानं भक्ती उणी होत नाही. पाखडलं म्हणून दाण्याचा अपमान होत नाही. 'बदललं काय?' असं भामाबाईंनी विचारलं ते अगदी बरोबर होतं. फक्त ते कळप होता तेव्हा विचारायला हवं होतं.