सोळा दिवसांची चूल

आमच्या धंद्यात प्रश्न विचारायची मुभा असते, उत्तर द्यायची नसते. चौदा वर्षं मी दारोदार फिरून अनोळखी माणसांना विचारते आहे, की आजारी पडलात तर कोण धावून येतं, शेजाऱ्याशी शेवटचं कधी बोललात, झोप नीट लागते का. संशोधन केंद्रात मला सगळे 'प्रश्नावली' म्हणतात. आमच्या पर्यवेक्षक बाईंचं नाव 'नियमावली'. आम्ही दोघी डबा खायला बसलो की बाकीचे लोक खिडकीशी जाऊन बसतात.

या खेपेचा अभ्यास एकटेपणावर होता. घरं संगणकानं निवडलेली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. निवडलेलं घर बंद असलं तर पुन्हा जायचं, तेव्हाही कुणी नाही भेटलं तर तिसऱ्यांदा जायचं, पण शेजारचं दार वाजवायचं नाही. घरात शिरलं की आधी कुटुंबाची यादी. मग यादीतल्या मोठ्या माणसांना वयाप्रमाणे क्रमांक. मग तक्त्यात बघायचं आणि तक्ता सांगेल त्या एकालाच प्रश्न विचारायचे. ज्याला बोलायची हौस आहे त्याला विचारून चालत नाही. तसं केलं तर समाजाचं मत म्हणून आपण घरी बसलेल्या गप्पिष्टांचं मत गोळा करून आणू. हे मला पटतं. अजूनही पटतं, तीच तर पंचाईत आहे.

आता कुटुंब म्हणजे काय, हेही काही आपल्या मनावर नसतं. नियमपुस्तिकेत पान सातवर लिहिलंय: एका छपराखाली राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब. गॅस असो की शेगडी, पुस्तिकेच्या लेखी ती चूल.

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दारावर नवी पाटी, मुलाच्या नावाची. सुनेनं दार उघडलं. ती इस्त्री करत होती, खुर्चीवर मुलांच्या शाळेच्या कपड्यांचा ढीग होता. मी ओळखपत्र दाखवलं, टॅबलेट उघडला आणि नेहमीचं विचारलं, "घरात किती माणसं राहतात? एका चुलीवर जेवणारी?"

"चार," ती म्हणाली. "आम्ही दोघं आणि मुलं दोन."

मी चार नावं भरली, 'यादी कायम' असं बटण दाबलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "पाच."

सुनेनं इस्त्री उभी करून ठेवली. "सासरे आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. "मागच्या खोलीत असतात. पण त्यांची चूल वेगळी आहे हो."

वेगळी चूल मी शंभर घरांत ऐकली आहे. भाऊभाऊ भांडतात, मधे भिंत घालतात. इथं भिंत नव्हती, साधा पडदाही नव्हता. मागच्या खोलीत एका स्टुलावर विजेची शेगडी, तिच्यावर एक पातेलं, बाजूला एक ताट, एक वाटी. आजोबा पलंगाच्या काठावर बसले होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. माझीच वाट बघत असल्यासारखे.

"तीस वर्षं विजेचे मीटर वाचले मी," ते म्हणाले. "घरोघरी जाऊन. ज्या घराला मीटर नाही ते घर आमच्या वहीत नसायचं. आत माणसं राहत असली तरी नसायचं. तेव्हा नोंद म्हणजे काय ते मला सांगू नका. लिहा, पाच."

मी बाहेरच्या खोलीत येऊन नियमावलीला फोन लावला. "छप्पर एक, चुली दोन. आजोबांची वेगळी," मी म्हटलं.

"मग कुटुंबं दोन. आपल्याकडे नाव कुणाचं आलंय?"

"मुलाचं."

"मग आजोबा नाहीत."

"अगं, अभ्यास एकटेपणाचा आहे ना? मग इथं आतल्या खोलीत..."

"म्हणून काय एकटी माणसं हुडकून आणणार आहेस? आकडा फुगेल सगळा." आणि मग जरा मऊ होऊन म्हणाली, "पोरी, आपण मोजायला जातो. तेवढंच करायचं."

नियमावलीचा मला राग येतो तो याच्यासाठी, की तिचं बरोबर असतं.

आजोबांना समजावून सांगायला गेले तर त्यांनी मध्येच तोडलं. "एका चुलीवर म्हणजे किती दिवस? काही हिशेब असेल की."

"गेल्या तीस दिवसांत निम्म्याहून जास्त."

"म्हणजे सोळा," ते ताबडतोब म्हणाले.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की बटण दाबलं गेलंय, यादीला कुलूप लागलंय, सोळा काय आणि साठ काय. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभच उचलेना. "पुढच्या खेपेला बघू," मी म्हणाले. हे 'बघू' फार वाईट असतं. आपल्याला ते नकार वाटतं आणि समोरच्याला होकार.

तक्त्यानं मुलाला निवडलं होतं, आणि मुलगा कामावर. तो लिफ्ट दुरुस्त करतो, पाळ्या बदलत्या असतात. मी अकरा दिवसांनी पुन्हा गेले. मुलगा तेव्हाही नव्हता, पण दार आजोबांनी उघडलं.

"अकरा झाले," त्यांनी दारातच सांगितलं. "एक चुकला नाही."

स्वयंपाकघरात सून कणीक मळत होती. मला बघून तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. "काय सांगितलंत हो तुम्ही यांना? त्याच संध्याकाळी ताट घेऊन येऊन बसले. म्हणाले, वाढ."

"त्रास होतोय का तुम्हाला?" हा प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

"त्रास कसला." ती पुन्हा कणकेला लागली. "सासूबाई गेल्यावर एकदा चार लोकांत म्हणाले, भाजी खारट आहे. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शेगडी आणली त्यांनी. मला वाटलं, माझ्या हातचं नको झालंय. आता बघते तर दोन-दोनदा मागून घेतात. मीठ मी कमीच घालते हल्ली. मुलं कुरकुर करतात, करू देत."

जाताना आजोबांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. मी विचारलं, शेगडी का आणली होती. ते म्हणाले, "तिला नको होतो मी. गप्प बसली ना त्या दिवशी. म्हटलं, कशाला तिच्या डोक्याला ताप." दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत तीन वर्षं दोन पातेली घासत होती. शहाणपणाला तोटा नव्हता कुणाच्या घरात. मला वाटलं, दोघांनाही समोरासमोर बसवून सांगावं. पण आमच्या पुस्तिकेत पान दोनवर ठळक अक्षरांत आहे, की कुटुंबाच्या आपसातल्या गोष्टींत पडायचं नाही.

तिसऱ्या खेपेला मुलगा सापडला. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. मी एकेक प्रश्न वाचत गेले. "गेल्या महिन्यात तुम्हाला एकटं वाटलं का? कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, की नेहमी?"

"एकटं वाटायला वेळ लागतो बाई," तो जांभई देत म्हणाला. "कधीच नाही, लिहा."

लिहिलं. आमच्या गणितात एका निवडलेल्या माणसामागे साडेचार हजार माणसं उभी असतात. त्याच्या एका जांभईसरशी साडेचार हजार लोकांना कधीच एकटं वाटलं नाही असं ठरलं. मग मी उगाच एक केलं. कागदावरचा तक्ता काढून त्या घराच्या ओळीत बघितलं, की मोठी माणसं दोनाऐवजी तीन असती तर कोण निघालं असतं. क्रमांक एक. वयानं सगळ्यात मोठा. आजोबा.

मी तक्ता घडी करून पिशवीत खोल खुपसला.

आजोबा दारापाशी उभे होते. "सतरा," ते म्हणाले. "नियमापेक्षा एक जास्तच. झाली नोंद?"

टॅबलेट बंद होता. आत चार नावं कुलपात होती. मी म्हणाले, "झाली."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, बघितलं आणि परत लावलं. उतरताना मला वाटलं, बरं केलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी काहीतरी देऊन निघाले. कसली शहाणी मी.

पुढं तीन आठवड्यांनी नियमावलीनं मला तिच्या टेबलाशी बोलावलं. दहातल्या एका घरी ती स्वतः फोन करून आमचं काम तपासते. "तुझ्या यादीत चार आहेत," ती म्हणाली. "सून फोनवर पाच म्हणते. जा, प्रत्यक्ष बघून ये. खरंच पाच असले तर नवी यादी करू, नवा फॉर्म भरू. पण लवकर, क्षेत्रकाम परवा बंद होतंय."

मी जिना धावत चढले. या वयात. मनात तक्ता पाठ होता: तीन माणसं, क्रमांक एक.

सुनेनं दार उघडलं. ओट्यावर पाच ताटं मांडली होती. माझं हसू तोंडावर यायच्या आतच मला मागच्या खोलीतून वास आला. भात शिजत होता. स्टुलावरच्या शेगडीची तार लाल झाली होती.

"तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," सून म्हणाली. "मी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, काम झालं माझं, आता तुला त्रास नको. मी काय बोलणार यावर?" तिनं पाचव्या ताटाकडे बघितलं. "करते मी पाच जणांचंच. हात आता कमी करायला तयार नाही. रोज उरतं. फोनवर म्हणून पाच सांगितलं. चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणाले. चूक कुणाची होती ते मला चांगलं ठाऊक होतं. मी त्यांना त्या घरात लिहून टाकलं होतं, तोंडानं, आणि एकदा लिहिलं गेल्यावर त्या माणसाला तिथं जेवायचं काही कारणच उरलं नव्हतं.

मी तीस दिवस मोजले. नऊ दिवस एकत्र, एकवीस वेगळे. टॅबलेटवर विचारणा होती: कुटुंबातील व्यक्ती? मी चार लिहिलं. दुसरं काय लिहिणार.

मग मी आत गेले. पान दोन गेलं खड्ड्यात.

"आजोबा, ती पाच जणांचं करते अजून. ताट वाढून ठेवते."

"तिची सवय असेल." ते पातेल्यावरचं झाकण जरा सरकवत म्हणाले. "असू दे. मी यादीत आहे, तेवढं बास आहे मला."

"नाही आहात तुम्ही यादीत." मी म्हणाले. "मी खोटं बोलले होते. पहिल्या दिवसापासून चारच आहेत. आत्ताही चारच लिहून आले."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. शेगडीचा खटका त्यांनी बंद केला, तार काळी पडेपर्यंत थांबले, आणि मग मीटर वाचणाऱ्या माणसानं विचारावं तसं सरळ विचारलं, "म्हणजे पुन्हा सोळा?"

क्षेत्रकाम परवा बंद होत होतं. टॅबलेट जमा होणार होते. पुढचा अभ्यास कोण करेल, कशावर करेल, कुणाला ठाऊक, आणि संगणकाची चिठ्ठी पुन्हा याच दारावर पडायची शक्यता मला आकड्यात सांगता येते. ती नाहीच्या बरोबरीची आहे.

"हो," मी म्हणाले. "सोळा."

आजोबांनी कोपऱ्यातलं ताट उचललं, सदऱ्याला पुसलं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "वाढ गं." सुनेनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग डाव घेतला.

मी चपला घालत होते. ते ताटावरून मान वळवून म्हणाले, "सतराव्या दिवशी याल ना मोजायला? नक्की या."

निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. कधीच परत यायचं नसलं तरी आपल्याकडे तोच एक शब्द आहे.

"येते," मी म्हणाले.