पुस्तकात राहिलेला बोजा

मी एक मोटारगाडी बोलते आहे. नोंदणीपुस्तकात माझे संपूर्ण नाव असे लिहिलेले आहे : हलके चारचाकी वाहन, खाजगी, पाच आसनी, रंग राखाडी. वय तेरा वर्षे दोन महिने. या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही; परंतु ओळख करून द्यायची तर ती पूर्ण द्यावी, अशा मताची मी आहे.

माझे पहिले मालक घड्याळजी होते. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी आयुष्यातले पहिले वाहन घेतले, ते मी. एका वित्तसंस्थेने त्यांना कर्ज दिले आणि कर्ज फिटेपर्यंत आपले नाव माझ्या पुस्तकात नोंदवून ठेवले. या नोंदीला बोजा म्हणतात. हप्ते साठ होते. दर महिन्याच्या तीन तारखेला घड्याळदुरुस्तीचे दुकान अर्धा तास बंद ठेवून ते मला संस्थेच्या दारात उभे करीत, आत जात आणि पावतीची घडी खिशात घालून परत येत. उन्हात, थंडीत, एकदा तर अंगात ताप असताना. पाच वर्षांत एकही तारीख चुकली नाही.

साठावा हप्ता भरून ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा आनंदी असेल असे मला वाटले होते. तो तांबडा झाला होता.

"म्हणे आठवड्यानं या," शेजारी बसलेल्या पत्नीला ते म्हणाले. "ना हरकत दाखला देतील, तो नोंदणी कार्यालयात दाखवला की बोजा उतरेल. पाच वर्षं एक दिवस चुकलो नाही, आणि आता मी प्रामाणिक आहे असा कागद त्यांच्या दाराशी मागायला जाऊ?"

"अहो, कागदच आहे तो."

"म्हणूनच नको. दिले पैसे, संपलं."

ते गेले नाहीत. बोजा माझ्या पुस्तकात तसाच राहिला.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. दुकान बंद झाले. मी वर्षभर घरासमोर धूळ खात उभी होते. अखेर त्यांच्या जावयाने मला जुन्या गाड्यांच्या दलालाला विकून टाकले. दलालाने पुस्तक उघडले, बोजा पाहिला, "बघू पुढचं पुढे" असे म्हणून पुस्तक मिटले आणि माझ्या अंगाला पॉलिश केले. त्याच्या आवारात मी तीन महिने काढले. माणसे येत, माझ्या चाकाला लाथ मारीत, दार आपटून पाहत आणि किंमत ऐकून भुवया उंचावत. लाथेने चाकाची परीक्षा कशी होते हे मला अद्याप उमगलेले नाही. असले प्रश्न विचारण्याचे त्राणही आता उरलेले नाही.

मग ती आली. शिलाई यंत्रे दुरुस्त करणे हा तिचा व्यवसाय. सर्वजण तिला मशीनताई म्हणत. यंत्राचा वरचा लोखंडी भाग, ज्याला ती हेड म्हणते, तीस किलोंचा असतो. तो खांद्यावर उचलून, दुचाकीवर पायांशी ठेवून ती गावभर फिरत असे. तिचा उजवा खांदा डाव्याहून खाली उतरला होता. तिने लाथ मारली नाही. ती सरळ माझ्याखाली आडवी झाली, विजेरीने अर्धा तास पाहत राहिली आणि उठून हात पुसत म्हणाली, "दमलीय, पण आतून धड आहे. घेते."

कपडे शिवण्याच्या एका मोठ्या कारखान्यातील चाळीस यंत्रांची देखभाल तिला मिळत होती. अट एकच : येत्या एक तारखेपासून यंत्रे न्यायला-आणायला स्वतःची गाडी हवी. हातात सव्वीस दिवस होते. सगळी पुंजी तिने दलालाला विसार म्हणून दिली आणि उरलेल्या रकमेसाठी जन्मात प्रथमच कर्जाचा अर्ज केला. जामीन राहण्यास दिराने नकार दिला. राहिल्या त्या सासूबाई. रुग्णालयात आयुष्यभर रुग्णसेविका म्हणून राबून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"चाळीस वर्षं मिठाचा खडासुद्धा उधार आणला नाही मी," मागच्या आसनावर अंग टेकवीत त्या म्हणाल्या. "आणि आता या डबड्यासाठी सही करू?"

"आई, डबडं नका म्हणू. ऐकते ती."

"ऐकू दे. किंमत तरी कमी करेल."

त्या बाईंविषयी मला तत्क्षणी आदर वाटला.

कर्ज देणाऱ्या साहेबांनी मात्र दहाव्या दिवशी अर्ज परत केला. "गाडीवर आधीच्या संस्थेचा बोजा आहे. पहिल्या मालकाचं कर्ज फिटलेलं नाही."

"विसार परत द्या," मशीनताई दलालाला म्हणाली.

"विसार परत मिळत नसतो, ताई. म्हाताऱ्याकडे जा. पत्ता देतो, गाडीही घेऊन जा, पेट्रोल तुमचं."

अशा रीतीने मी पुन्हा त्या घरासमोर उभी राहिले. घड्याळजी फाटकापाशी आले. त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला. मशीनताईने सगळे सांगितले, आणि तो हात बाजूला झाला.

"माझ्यावर कर्ज आहे म्हणतात? शेवटचा हप्ता मी या हातांनी दिलाय!"

"काका, माझा विश्वास आहे. पण दाखल्यासाठी त्या संस्थेला तुमचा अर्ज लागतो, तुमच्या सहीचा. एक तारखेला माझ्याकडे गाडी नसली तर काम दुसऱ्याला जाईल."

"फेडलेल्या पैशांसाठी मी अर्ज करणार नाही."

मी तेथेच होते. साठही वेळा मी दारात उभी होते. परंतु माझी साक्ष कोण घेणार?

तेव्हा मागच्या आसनावरून सासूबाई खाली उतरल्या. "अहो, तुम्ही फेडलंत, मान्य. तुम्हाला ठाऊक आहे. आज आम्हालाही ठाऊक झालं. पण उद्या तुम्ही डोळे मिटलेत तर कोणाला ठाऊक असणार? तुमच्या मुलीच्या दाराशी वसुलीवाले आले म्हणजे ती काय सांगणार, बाबा ताठ होते?"



"काका, रांगेत मी उभी राहते," मशीनताई हळूच म्हणाली. "तुम्ही फक्त सही करा."

"माझं काम मी दुसऱ्याच्या पायांनी करत नाही," घड्याळजी म्हणाले आणि घरात गेले. परतले ते इस्त्रीचा सदरा घालून. हातात दोऱ्याने बांधलेल्या साठ पावत्या होत्या.

संस्थेच्या दारात मी दोन तास उभी होते. ते बाहेर आले तेव्हा पावत्यांची गाठ सुटलेलीसुद्धा नव्हती. हातात एक पिवळा पडलेला कागद होता.

"पावत्या पाहिल्याच नाहीत त्यांनी," आसनावर बसून ते म्हणाले. "म्हणाले, दाखला तेव्हाच तयार होता. सहा वर्षं कपाटात पडून होता. कोणी न्यायलाच आलं नाही." थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. "बाई, तुमचे दिवस मी खाल्ले."

 मशीनताईने मला सुरू केले आणि त्यांना अतिशय सावकाश घरी सोडले.

नोंदणी कार्यालयात बोजा उतरण्यास सतरा दिवस लागले. एक तारीख उलटून गेली होती. कारखान्याने वीस यंत्रे दुसऱ्याला देऊन टाकली आणि वीस तिच्यासाठी ठेवली. बोजा उतरल्यामुळे साहेबांनी कर्ज मंजूर केले; हप्ता मात्र चाळीस यंत्रांच्या हिशेबाने ठरलेला होता. साहेबांच्या टेबलासमोरून उठून ती माझ्यापाशी आली, दार उघडून बसली आणि स्टिअरिंगच्या चाकावर कपाळ टेकून राहिली.

"आई, राहू दे का?"

"विसार त्या दलालाच्या घशात घालून? आणि त्या खांद्यावर अजून किती वर्षं लोखंड वाहणार आहेस?" सासूबाईंनी चष्मा लावला. "चल आत. कुठं सही करायची ते दाखव. आणि नीट वाचून दाखव, प्रत्येक ओळ."

मी दमले आहे, म्हणून लांबण लावीत नाही. एकच विनंती करते : कर्ज फेडणाऱ्याने शेवटच्या दिवशी आणखी एकदा रांगेत उभे राहावे. त्याने मान खाली जात नाही, आणि मागून येणाऱ्याची वाट मोकळी होते.

सासूबाईंची सही झाल्यावर माझे मागचे आसन काढण्यात आले. तेथे आता दोन हेड बसतात. दुचाकी विकली गेली. पहिल्या वर्षी एकही हप्ता चुकला नाही. दुसऱ्या वर्षी एक चुकणार होता, तो सासूबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून भरला आणि घरात त्याचा उच्चार होऊ दिला नाही. दुसऱ्याला गेलेली वीस यंत्रे परत मिळाली नाहीत. मशीनताईचा खांदा पूर्वीइतकाच खाली आहे. परंतु आता तो रात्री दुखत नाही, असे ती सांगते.