टाळीची जागा

मास्तरांनी मुकुट काढून पायरीवर ठेवला आणि राजाच्या शेवटच्या भाषणाला हात घातला. समोर राणीच्या वेशात चिमणी उभी होती. चेहरा दुःखी, मनात मात्र उकळ्या फुटत होत्या.

चिमणी हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, पहिल्या तालमीत तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही म्हणून. पुढे तिनं आवाज असा कमावला की मागची रांग दचकायची. पण चाळिशी उलटली तरी नाव काही सुटलं नाही. आणि आवाज कमावून तरी काय मिळालं? तिचं वाक्य रंगलं, लोकांचे हात वर आले, की नेमके तेव्हाच मास्तर आपलं पुढचं वाक्य टाकायचे. टाळी हातातल्या हातात विरायची. सबंध उमेदीची वर्षं हेच. तक्रार केली तर म्हणायचे, "तुझ्यासाठी नाटक थांबवू का?"

आज तिची पाळी होती. मास्तरांच्या निरोपाच्या प्रयोगांतला हा पहिला, थिएटर खच्चून भरलेलं. या भाषणाला टाळी ठरलेली, आणि नंतरचं वाक्य तिचं. त्यांचा शेवटचा शब्द पडायचा अवकाश, ती तोंड उघडणार होती. म्हाताऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, बस.

शेवटचा शब्द पडला. तिनं श्वास घेतला आणि थबकली. एकही हात हलला नव्हता.

भाषण लोकांपर्यंत पोचलंच नव्हतं. मास्तरांचा आवाज बसत चाललाय, हे त्यांना सोडून सगळ्या कंपनीला ठाऊक होतं. मधल्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हणाले?"

चिमणीनं ओठ मिटले. शिष्येनं घालावी तशी मान खाली घातली आणि न येणाऱ्या टाळीची वाट बघत राहिली. मास्तर हात पसरून तसेच उभे होते. विंगेतून प्रॉम्प्टरनं तिचं वाक्य सांगितलं, मग घाबरून पुन्हा सांगितलं. खुर्च्या कुरकुरायला लागल्या, तेव्हा कुठे ती बोलली.

प्रयोग संपल्यावर मास्तर तिच्या रंगपटात आले. ती शिव्या खायला तयारच बसली होती. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"पाहिलंस? सुन्न झाले होते लोक. टाळी वाजवायचंसुद्धा भान राहिलं नाही."

तिच्या हातातला कापूस गालावरच राहिला.

"आणि तू थांबलीस. तुझ्या जागी मी असतो, तर थांबलो नसतो."

इतक्या वर्षांचा सूड, आणि म्हातारा तो मानपत्रासारखा मिरवत होता. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिनं ते गिळलं.

"उद्याही एवढंच थांब," दाराशी वळून त्यांनी सूचना दिली.

चिमणीनं गालावरचा रंग सावकाश पुसला.

"उद्या थोडं जास्त थांबते, मास्तर."