सुभेदारांच्या हातातला धक्का

मी एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर बोलतोय. तळहातात मावतो, म्हणून मला पाहून लोक आधी हसतात. "खेळणं हाय व्हय?" म्हणणारे मग मनगट चोळत बसलेले मी पाहिलेत. थोराड बंदूक आपला निम्मा धक्का स्वतःच्या वजनात जिरवते. माझं अंग ते केवढं! गोळी सुटली की मी मागे उसळतो आणि सगळा हिसका धरणाऱ्याच्या हातात जातो. अंगठ्याच्या बेचक्यात चटका बसतो, मनगट वर उडतं, कोपरापर्यंत मुंग्या येतात.

माझे मालक पासली गावचे आनंदराव, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. रीतसर परवाना काढून त्यांनी मला घेतलं. वर्षातून एकदा ते मला पुण्याला नेमबाजीच्या रेंजवर न्यायचे. त्यांच्या पत्नी चंद्राबाई डबा घेऊन बरोबर असायच्या. काय दिवस होते ते! एकदा पुतण्या मानसिंग आला, तालमीतला गडी. त्यानं कोपर दुमडून मला तोंडाजवळ असं आवळलं, की पहिल्याच गोळीला माझी नळी त्याच्या टोपीला लागली.

"आवळू नगंस," आनंदराव हसून म्हणाले. "त्याला मागं येऊ दे, मग सावकाश जाग्यावर आण."

त्यांच्या हातात मी उसळायचो आणि अलगद खाली यायचो. तसा हात मला पुन्हा मिळाला नाही.

घात झाला सात वर्षांपूर्वी, दसऱ्याला. शस्त्रपूजा चंद्राबाईंनी केली. मूर्तीला चोळावं तसं त्यांनी मायेनं मला खोबरेल चोळलं, मुठीसकट. आनंदरावांनी माझी नळी पुसली, मूठ राहिली. दोन दिवसांनी रेंजवर गोळी सुटली आणि मी त्यांच्या पकडीतच गर्रकन फिरलो. अंगठा उलटा गेला. मला स्वतःला आवरताच आलं नाही हो!

"काय झालं वो?" चंद्राबाई धावल्या.

"काय न्हाई. वय झालं माजं," माझी तेलकट मूठ रुमालानं पुसत ते म्हणाले.

अंगठा कायमचा अधू झाला. खरं कळलं तर बायको स्वतःला कधी माफ करणार नाही, या धास्तीनं ते सात वर्षं वयालाच दोष देत राहिले. यंदा परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा दोघं मला जमा करायला पोलीस ठाण्यात आले. हवालदारांनी कारण विचारलं.

"वय झालं, सायेब."

"वय न्हाई," चंद्राबाई म्हणाल्या. "मुठीला त्याल म्या लावलं हुतं."

आनंदराव त्यांच्याकडे वळले. "तुला कवा कळलं?"

"त्याच सांजला. तुमचा रुमाल धुवाय घेतला, त्याला खोबरेलाचा वास. तुमी मला जपत हुता, मग म्या कशी बोलू?"

आता मी ठाण्याच्या कपाटात आहे, गळ्यात चिठ्ठी बांधलेली. पुढे माझं काय होईल ठाऊक नाही. एवढंच मागणं, मला लहान समजून कुणी गाफीलपणे हाती धरू नका.

त्या दिवशी कागदावर सही करताना आनंदरावांना पेन धरवेना. चंद्राबाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि सही पुरी केली. मग दोघं निघाले. दारापर्यंत तरी चंद्राबाईंनी तो हात सोडला नव्हता. पुढचं मला दिसलं नाही.