आठ लाइनी, दहा लाइनी

समास म्हणजे कागदाची ती कड, जिथे काही छापत नाहीत आणि जिथे वाचणाऱ्याचा अंगठा बसतो.

माण तालुक्यातला केरबा पैलवान सकाळी शेळीचं दूध पितो.

युद्ध चालू आहे. कागद कंट्रोलवर मिळतो, तोही गुलाबी आणि कांद्याच्या सालीसारखा पातळ.

रॉकेलच्या चिंधीने पुसला की लाकडी टाईप नव्यासारखा चमकतो.

सांगलीचा एक माणूस रविवारी मशीन बघायला येणार आहे.

ही शेवटची गोष्ट विनोदिनीला जेवताना कळली. साताऱ्यात पेठेच्या टोकाला तिच्या वडिलांचा, विष्णुपंतांचा, छापखाना. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, भिंतीला लागून खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे, खण आणि म्हाताऱ्याची गेलेली नजर. हल्ली ते खिळे बोटांनीच वाचत. विनोदिनी लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परतली होती आणि तेव्हापासून खिळे जुळवत होती.

"मशीन विकलंत तर मी काय करू, अण्णा?"

"कुस्तीची जाहिरात आलीय ना? एकटीनं कर. तक्रार होऊन काम परत आलं नाही तर मशीन राहील. आलं, तर रविवारी जाईल." एवढं बोलून त्यांनी ताकाचा भुरका मारला.

आकार

काम लालासाहेबांचं. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस, माणातल्या जत्रेच्या मैदानाचा पुढारी. बोलणं परेडवरचं.

"ताई, नंबर एकची जोड हाय. आमचा केरबा, तासगावचा ज्योतिबा. दोगं बरोबरीचं. कुनी तसूभर बी कमी दिसाय नको. न्हाईतर गडी लंगोट बांधत न्हाई."

मैदानाचा रिवाजच तसा. जोड आखाड्याआधी कागदावर लागते.

जाहिरातीचे मोठे लाकडी टाईप ओळींच्या उंचीवर मोजतात. छापखान्यात दोन संच होते, आठ लाइनी आणि त्याहून मोठा दहा लाइनी. विनोदिनीने दोन्ही नावं आठ लाइनीत जुळवली. 'ज्योतिबा' या कडेपासून त्या कडेपर्यंत ऐसपैस बसला. 'केरबा' मात्र मधोमध, दोन्हीकडे रिकामं, परगावच्या लग्नात आलेल्या पाहुण्यासारखा.

रुंदी

हे बरोबरीचं दिसेना. तिने केरबाला उचलून दहा लाइनीत घातलं. आता दोघांच्या कडा सुतात आल्या. तिने जुळवलेल्या नावांचा चौकटीत फर्मा बांधला, शाई दिली आणि होता नव्हता तेवढा कागद छापून काढला.

दुसऱ्या दिवशी ज्योतिबाच्या बाजूचे नानासो आपल्या गावचा गठ्ठा न्यायला तासगावहून आले आणि वरचीच जाहिरात त्यांनी हातात चुरगाळली.

"आवं पंत, ह्यो कंचा न्याव? केरबा हत्तीएवढा आन् आमचा गडी शेरडाएवढा?"

"कडा बघा की," विनोदिनी म्हणाली. "दोन्ही नावं सारख्याच रुंदीची आहेत."

"गडी रुंदीवर मोजत्यात व्हय गं? उंचीवर मोजत्यात! ज्योतिबा उतरत न्हाई, सांगून ठेवतो."

तेवढ्यात गठ्ठा न्यायला लालासाहेब दारात आले. ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाले, "आता आमचं नाव कमी कराल तर केरबा बी उतरत न्हाई."

विष्णुपंत खुर्चीत बसून एक खिळा बोटांनी चाचपत होते. दुसरा कागद साताऱ्यात नव्हता. विनोदिनीच्या डोळ्यांसमोर रविवार आला.

पाठ

तिने एक कागद उचलला आणि पालथा घातला. पाठ कोरी होती. मग तो आडवा केला. आडव्या कागदावर दहा लाइनी ज्योतिबा सहज मावत होता.

"नानासो, तासगावच्या भिंतीला आडवी जाहिरात चालेल?"

"ज्योतिबा मोठा आसंल तर तिरकी बी चालंल."

"आणि केरबा आठ लाइनी."

लालासाहेबांच्या मिशा हलल्या. "म्हंजे आमच्या भिंतीवर उबी बाजू, त्यांच्या भिंतीवर आडवी?"

"तुमच्याकडं तुमचा मोठा, त्यांच्याकडं त्यांचा."

"आन् मैदानात?"

"मैदानात कागद लागत नाही."

नानासो आधी हसले, मग लालासाहेब. चहा आला. विनोदिनीने पाठीसाठी शाई बेताची धरली, तरी कागद तो कागदच. भिंतीला लावताना खळ लागून कागद ओला झाला की मागचं नाव उलटं उमटायचं, तेही पुढच्याला आडवं. तासगावच्या बाजारात लोक थांबून बघत. कोण वर, कोण खाली, काही कळत नसे. त्यांना वाटलं, जोड मुद्दाम तशी झुंजत छापलीय. जत्रेला माती दिसणार नाही एवढी माणसं आली. निकालावरून भांडण झालं, ते दोन्ही गावांनी आपसात केलं. छापखान्यात कुणी आलं नाही.

ते सगळं पुढचं. त्याआधी रविवारी सांगलीच्या माणसाने मशीनचं चाक फिरवून बघितलं. विष्णुपंतांनी त्याला पोहे दिले आणि सांगितलं, "विकायचं नाही."

तो गेल्यावर विनोदिनी म्हणाली, "काम परत आलं होतं, अण्णा."

"आलं होतं. गेलंही. शाई कमी पडलीय, उद्या काढून ठेव."

पहिल्या छपाईच्या दिवशी फर्मा बांधून झाल्यावर, मशीनवर चढवण्याआधी, विष्णुपंतांनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं होतं. उंचीतला फरक बोटाला लागला होता, तरी त्यांनी फर्मा तसाच जाऊ दिला होता.