आवाज नसलेली सायकल

"हिले स्टँड कुठी हाय?" सायकलीभोवती दुसरी चक्कर मारत मनोहरलालनं विचारलं.

"या सायकलला स्टँड नसतं, बाबा."

"मंग उभी कायच्या भरवशावर ठेवाची? तुह्या मायच्या?"

अंगणात हशा पिकला. शेजारचे टेकचंद गुरुजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. चंद्रावती हसली नाही. ती मुलाच्या चेहऱ्याकडे बघत होती. बँकेतली नोकरी सोडून हेमेंद्र पुण्यात मित्रांबरोबर सायकली बनवायला लागला, तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद होतं. फोन आला की मनोहरलाल तो न बोलता तिच्या हातात द्यायचा. आज तो मुलाशी बोलत होता. टोमणे का असेनात.

सायकल धानाच्या ढोलीला टेकवून ठेवली होती. तिची नळी न नळी हेमेंद्रनं हातानं जोडली होती. कारखान्यात ढिगानं निघतात तशातली ती नव्हती. त्याच्या छोट्या शेडमध्ये एक संपल्यावरच दुसरी हातात घेतली जायची. डोंगरात सायकल चालवणारे शहरातले लोक अशा सायकलीसाठी नाव नोंदवून वाट बघायचे. ही मात्र विकायची नव्हती. ही आईसाठी होती. चंद्रावती उपकेंद्रात नर्स होती. स्कूटी तिला कधी जमली नाही. लग्न होऊन देवरीकडे आल्यापासून ती जंगलाच्या वाटेनं टोल्यावर, म्हणजे पलीकडच्या छोट्या वस्तीवर, सायकलनंच जात होती.

"रंग असा काऊन देला? गंजल्यासारखी दिसते."

"गंज नोहे तो, सागाचं वाळलं पान हाय," गुरुजी म्हणाले. "मनोहरभाऊ, तुमाले नजरच नाही. काय ऐटदार दिसून रायली! घोडं हाय, घोडं."

"घोडं? टायर पाहा न गुरुजी. बकरीले म्हशीचे पाय लावले. मडगाड नाही, क्यारेल नाही."

"कॅरिअर मी बसवून देतो," हेमेंद्र म्हणाला. "आधी चालवून तर बघा. आई, तू बस."

चंद्रावती पदर खोचून बसली आणि तळ्याच्या पाळीपर्यंत जाऊन आली. त्या रस्त्यावरचा एकेक दगड तिला कमरेतून माहीत होता. आज पुढचा दांडा खालीवर होत होता, दगड त्यातच जिरत होते, वर काही पोचत नव्हतं. परत येऊन उतरली तेव्हा कंबर नेहमीसारखी धरली नव्हती.

"कशी हाय?" गुरुजींनी विचारलं.

"गोटे लागतच नाही," ती म्हणाली. ते खरं होतं.

हेमेंद्रनं मागचं चाक उचलून फिरवलं. "आता ऐका."

सगळे वाकले. चाक फिरत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

"पायडल थांबवलं की मागं टकटक होते ना, तीसुद्धा काढून टाकली. त्यातच माझं अख्खं वर्ष गेलं. जंगलात गेल्यावर माणसाला जंगल ऐकू यावं, सायकल नाही."

मनोहरलालनं बोट लावून चाक थांबवलं. "भुतावाणी फिरते," तो म्हणाला.

पण संध्याकाळी अंगणात कुणी नाही असं बघून तो ती शेतापर्यंत नेऊन आला आणि काहीच बोलला नाही. म्हणजे आवडली होती. हेमेंद्र पुण्याला परतल्यावर मनोहरलालनं चंद्रावतीची जुनी सायकल भंगारवाल्याला देऊनही टाकली. "दोन दोन कायले पायजे?" एवढंच त्याचं म्हणणं.

जुनी सायकल फार वाजायची. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, सगळंच सैल झालं होतं. टोल्यावरची पोरं तो खडखडाट लांबून ओळखायची. "सुईवाली आली रे!" म्हणत कुणी झाडावर चढायचं, कुणी कोठ्यात घुसायचं, आणि आया त्यांना शोधायला निघायच्या. अंगणवाडीतली मदतनीस रुख्मा तर नुसत्या आवाजावर सगळं ठरवायची.

"नाल्यात तुमची सायकल बोंबलली का मी चहा मांडतो, शिस्टरबाई," ती सांगायची. "आंब्याखाली आल्या का गाळतो. तुमी दारात, चहा कपात."

नव्या सायकलवर चंद्रावती पहिल्यांदा गेली, तेव्हा रुख्मा पाठमोरी अंगणवाडी झाडत होती. चंद्रावतीनं हाक मारली, तशी तिच्या हातातला झाडू गळून पडला.

"माय वं! कुठून आल्या तुमी? जमिनीतून?" मग तिनं सायकल पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळली. "दिसाले बरी हाय. पण अशी सायकल चोराची असावी, शिस्टरबाईची नाही."

पोरं त्या दिवशी आयती सापडली. आयांना सायकल फार आवडली. पोरांना अजिबात नाही.

चंद्रावतीलाही आवडली होती, आणि मुलानं केली म्हणून नव्हे. रात्री कंबर शेकावी लागत नव्हती. वाटेत तिला आता पानं पडताना ऐकू यायची. मोर रस्त्याच्या मधोमध उभा असायचा आणि ती अगदी जवळ जाईपर्यंत हलायचा नाही. एकदा मुंगूस चाकाला घासून गेलं. सुरुवातीला तिला याची गंमत वाटली. नंतर एक गोष्ट तिच्या लक्षात आली: इतकी वर्षं या वाटेवर तिला फारसं काही दिसलंच नव्हतं, कारण ती येण्याआधी सगळं बाजूला झालेलं असायचं.

मोहाची फुलं गळू लागली त्या आठवड्यात ती नाल्याच्या अलीकडच्या वळणावर आली, तर झाडाखाली काळी पाठ. अस्वल तिच्याकडे पाठ करून फुलं खात होतं. चपचप आवाज येत होता. तिच्यात आणि त्याच्यात अंगणाच्या रुंदीएवढंही अंतर नव्हतं. ब्रेकसुद्धा वाजला नाही. ती पाय टेकून उभी राहिली. अस्वलानं मान वळवली, तिला पाहिलं, आणि दचकलं. ते दचकणं तिनं स्पष्ट पाहिलं. ते मागच्या पायांवर उठलं, नाक वर करून हुंगलं, आणि काय वाटलं कोण जाणे, धपकन खाली पडून झुडपात शिरलं.

तिनं बराच वेळ हँडल सोडलं नाही.

घरी तिनं कुणालाच सांगितलं नाही. मनोहरलालला सांगितलं असतं, तर त्यानं पहिला फोन पुण्याला केला असता, आणि काय बोलला असता ते तिला पाठ होतं. नुकतीच कुठे बापाची गाडी 'जेवला का' इथपर्यंत आली होती. तिनं पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्यात नाल्यातले खडे भरले आणि बँडेजच्या पट्टीनं तो सीटखाली बांधला. सायकल हलली की डबा खडखडायचा.

"आता शिस्टरबाई आल्यासारखी वाटते," रुख्मा म्हणाली. पोरं पुन्हा झाडावर चढू लागली.

मोहाचा सडा ऐन भरात असताना हेमेंद्र आला. या वेळी कॅमेरा घेऊन. पुण्यात त्याच्या सायकलीवरून दोन तट पडले होते. काही म्हणायचे, रंग मेलेला आहे, आकार बोजड आहे, एवढं थांबून हे घ्यायचं? ज्यांनी चालवली ते म्हणायचे, आता दुसरीवर बसवत नाही.

"म्हणून हिला हिच्या रस्त्यावर दाखवतो," तो म्हणाला. "जिच्यासाठी बनवली, तिच्या वाटेवर." आणि मग त्याची नजर सीटखाली गेली. "आई, हे काय बांधलंयस?"

मनोहरलाल जेवत होता. चंद्रावतीनं त्याच्याकडे पाहिलं.

"टोल्यावरच्या पोराईसाठी," ती म्हणाली. "आवाज आयकून त्यायच्या माया त्यायले जमा करतात."

तेही खोटं नव्हतं.

हेमेंद्र आधी बघतच राहिला, मग हसत सुटला. "मी वर्षभर बसून आवाज काढला, आणि तू डबा बांधलास!"

मनोहरलालला ठसका लागला. "घे! मोठा कारागीर! तुह्या मायनं एका डब्यात दुरुस्त केली!"

"बाबा, पुढच्या सायकलला कंपनीतूनच डबा देतो."

"दे, दे. अन् स्टँड बी दे!"

दोघं हसत होते. ताटावर वाकून, एकमेकांकडे बघून. चंद्रावतीच्या ओठांवर अस्वलाचा शब्द आला होता. तिनं भात वाढला.

हेमेंद्रनं गाठ सोडून डबा खुंटीला अडकवला. "फोटोपुरता काढतो. तू निघायच्या आत सायकल घेऊन येतो."

"उजाडल्यावर जा," ती म्हणाली. "मोहाचे दिवस हायत."

"उजाडतानाचाच प्रकाश पाहिजे, आई. फुलांचा सडा, धुकं..."

"मोहाखाली जनावर रायते, हेमू."

"जाऊ दे न त्याले," मनोहरलाल म्हणाला. "लहान हाय का आता?"

तिनं एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर, डबा कशासाठी होता, तेही सांगावं लागलं असतं.

पहाटे ती उठली तेव्हा ढोलीशी सायकल नव्हती. ती कधी गेली ते ऐकू आलं नव्हतं, येणारच नव्हतं. मनोहरलाल मोटार लावायला शेतावर गेला होता, शेत दुसऱ्या अंगाला. चंद्रावतीनं चूल पेटवली आणि फुंकणी हातात धरून तशीच बसली. मग फुंकणी ठेवून उठली. खांद्याला कामाची बॅग अडकवली, खुंटीवरचा डबा काढला आणि निघाली.

पाळीपर्यंत ती नुसती चालली. जंगल सुरू झालं तसा तिनं डबा हलवायला सुरुवात केली. हातात हलवलेल्या डब्याचा आवाज सायकलीसारखाच येतो, हे तिच्या लक्षात आलं. रस्त्यावरच्या धुळीत रुंद टायरची खूण होती, नक्षीसारखी नीट. तिच्या कडेकडेनं ती चालत राहिली. मोहाचा वास इतका दाट होता की घशाला लागत होता. पाखरं बोलत नव्हती.

नाल्याच्या वाळूत तीन पायांवर कॅमेरा उभा होता. त्याच्यासमोरून टायरच्या खुणा पुन्हा पुन्हा गेल्या होत्या. समोरच्या काठावर, टोल्याकडच्या वळणाशी, सायकल आडवी पडली होती. तिच्यापलीकडे मोहाच्या बुंध्याला टेकून हेमेंद्र बसला होता. तोंडावर एक हात धरून. हात लाल होता.

"आई," तो म्हणाला. "दिसलंच नाही गं. एकदम पुढ्यात. पिल्लू होतं पाठीवर."

"बोलू नको."

कपाळापासून कानाच्या मागपर्यंत कातडी सुटली होती. दुसऱ्या हाताला मनगटाच्या वर दात लागले होते, पण तिथलं रक्त ओघळत होतं, उसळत नव्हतं. तिनं बॅग उघडली, होता नव्हता तेवढा गॉज काढला, कातडी जागेवर सरकवली आणि तळव्यानं दाबून धरली. डाव्या हाताची बोटं त्याच्या मानेवर ठेवली. नाडी जलद होती, पण जोरकस होती. डोळा वाचला होता की नाही, ते रक्तात कळत नव्हतं.

"गेलं का ते?" त्यानं विचारलं.

झुडपात पानं वाजली. मग बारीक, रडल्यासारखा पिल्लाचा आवाज आला.

"गेलं," ती म्हणाली आणि डाव्या हातानं डबा उचलून हलवू लागली.

झुडपातली हालचाल थांबली. तिनं हात थांबवला नाही. नाल्यात फोन लागत नाही, हे ती इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यातून जाणत होती. उजवा हात काढता येत नव्हता. त्याला उठवून नेता येत नव्हतं. ओरडून पाहिलं, पण मोहाच्या दिवसांत जनावर हाकलायला सगळेच ओरडतात; कुणी ओ दिली नाही. डब्याचा आवाज मात्र ओळखीचा होता; थोड्याच वेळात टोल्याकडून चिरका, आनंदी ओरडा आला:

"सुईवाली आली रे! पळा!"

पावलं धावल्याची, कुठलीतरी कवाडं आपटल्याची चाहूल. पुन्हा सगळं शांत. टोल्यावरचे सगळे तिची वाट बघत थांबले होते. कुणी इकडे यायचं कारणच नव्हतं. त्यांच्या लेखी ती तिकडे येतच होती.

"कोण ओरडलं?" हेमेंद्रनं विचारलं. जीभ जड झाली होती.

"पोरं. लपून रायली. जागा राय, हेमू. माह्याशी बोल."

"आत्ता तर बोलू नको म्हणालीस."

"आता बोल."

रुख्मानं चहा मांडला असेल. ती चटई टाकत असेल, आणि एक कान नाल्याकडे. शिस्टरबाई आता आंब्याखाली यायला हव्यात, असं तिला वाटत असेल. चंद्रावतीनं हात एका लयीत ठेवला, सायकल चढावर येते त्या लयीत. गॉज गरम होऊन ओला झाला होता; तिनं तळवा आणखी दाबला. मागं पुन्हा पानं वाजली, या वेळी जवळ. तिनं मान वळवली नाही.

चहा उकळेल. उतू जाईल. मग रुख्मा मान वर करून ऐकेल की, आवाज पुढे सरकत नाही.

चंद्रावती डबा हलवत राहिली, त्याच जागी.