खाली आलेला झेंडा

मी झेंडा बोलतोय. राष्ट्राचा नव्हे. मला कुणी सलामी देत नाही की माझ्यासाठी कुणी गाणं म्हणत नाही. मी बर्फातल्या स्की-उडीच्या टेकडीवरचा, प्रशिक्षकाच्या हातातला झेंडा. वर मनोऱ्यात पोरगी दांडीवर बसलेली असते, खाली कठड्याशी तिचा प्रशिक्षक मला उंच धरून उभा असतो. हिरवा दिवा लागला की मोजके सेकंद मिळतात. त्यात वारा बरा वाटला की तो मला खाली आणतो, आणि मी खाली आलो की ती दांडी सोडते. एवढंच माझं काम. आणि तेवढ्याच कामात माझ्याकडून पाप घडलं.

माझा जन्म फिनलंडमधल्या कुओपिओतला, केर्त्तूमामीच्या शिवणयंत्राखालचा. जुन्या तंबूचं नारिंगी कापड तिने कापलं, कडा दुमडून दुहेरी टीप मारली आणि मासेमारीच्या मोडक्या गळाची काठी मला जोडली. "हा घे तुझा झेंडा. आता तरी लांबून दिसशील," असं म्हणून तिने मला नवऱ्याच्या हातात दिलं. नवरा म्हणजे आर्मास. पूर्वी स्वतः उड्या मारायचा, आता बहिणीच्या मुलीला, हिलमाला, शिकवतो.

हिलमाचा खेळ दुहेरी. आधी स्की लावून टेकडीवरून उडी, मग त्याच दिवशी बर्फातून पाच किलोमीटरची शर्यत. उडीत जी पुढे, ती शर्यतीत आधी सुटते. मागे राहिलेलीने तिचा पाठलाग करायचा. हिलमा धावण्यात वाघीण. उडी तशी बेताची, पण त्या वर्षी उन्हाळाभर घासूनपुसून तिने तीही चकचकीत केली होती. हंगामाची पहिली स्पर्धा नॉर्वेतल्या लिलहामरला होती आणि मामा-भाची दोघंही हवेत होते.

त्या दिवशी थंडी उणे चौदा. कठड्यावर आर्मासच्या शेजारी एस्टोनियाचा राइवो उभा होता. आमच्या दोन्ही लहान संघांची जुनी दोस्ती. राइवोने थर्मासमधून कॉफी ओतली. "घे, म्हाताऱ्या, नाहीतर इथेच गोठशील. मग तुझ्याच हातात झेंडा देऊन तुला टेकडीवर कायमचा उभा करतील."

फिनलंडचा माणूस कॉफीला नाही म्हणत नाही. आर्मासने उजव्या हातात मला धरलं होतं, डाव्या हातात पेला घेतला. हिरवा दिवा लागला. उतारावरच्या वाऱ्याच्या रिबिनी खालच्या बाजूला फडफडत होत्या, म्हणजे वारा पाठीमागून. असा वारा उडी दाबून टाकतो. आर्मास थांबला होता, बरोबरच होतं. अजून सेकंद शिल्लक होते. तेवढ्यात गरम कॉफी त्याच्या मनगटावर सांडली, चार थेंब माझ्यावरही उडाले, तो "आई गं" म्हणून दचकला, आणि मी खाली आलो.

वर हिलमाने दांडी सोडली.

मला ओरडायचं होतं. पण कापडाला कुठलं तोंड! ती पाठीमागच्या वाऱ्यात सापडली आणि चौऱ्याहत्तर मीटरवर बदकन उतरली. शर्यतीत तिला जवळजवळ शेवटी सुटावं लागलं.

खाली स्कीला मेण लावायच्या खोलीत संघप्रमुख बाई उभ्या होत्या. "काय झालं, आर्मास?" शिरस्त्राण काढून हिलमाही तिथेच आली होती. एवढ्या एका क्षणात तो खरं बोलू शकला असता. लोक हसले असते, फार तर चार दिवस चिडवलं असतं. पण तो म्हणाला, "उताराच्या कडेला पाय उशिरा ताणले तिने."

"खरंच?" हिलमा म्हणाली. "मला तर अगदी वेळेवर वाटलं."

"उशीरच होता गं."

तिने मान हलवली. मामावर अविश्वास दाखवण्याचं तिला काही कारणच नव्हतं. संध्याकाळी तिने उडीचं चित्रण दहा वेळा पाहिलं. माणसांची एक गंमत मला तेव्हा कळली. चूक आहे असं आधी सांगितलं की ती दिसायलाच लागते. "हो, इथे बघ, उशीर आहे," ती स्वतःच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती नसलेली चूक दुरुस्त करू लागली. पाय आधी ताणायचे, अजून आधी. आधी ताणले की उडी वर जाते आणि पुढे सरकत नाही. ऑस्ट्रियात रामसाऊला ती एकतिसावी आली. एस्टोनियात ओतेपॅला त्याहून मागे. प्रत्येक वेळी आर्मास कठड्यावरून उतरून तिच्याजवळ जायचा आणि म्हणायचा, "थोडं आणखी आधी करून बघ." एक खोटं झाकायला दुसरं लागतंच. त्याला माझ्याकडे बघवत नसे. स्पर्धा संपली की तो मला गुंडाळून पिशवीच्या तळाशी कोंबायचा.

राइवोला सगळं माहीत होतं. ओतेपॅला तो आर्मासच्या कानाशी म्हणाला, "अरे, सांग तिला. पोरगी मातीत चालली आहे."

"सांगणार आहे."

"कधी? ती आजी झाल्यावर?"

घरी केर्त्तूने मला धुवायला काढलं तेव्हा तिने डाग पाहिला. "हा कसला रे?" "मेण असेल," तो म्हणाला. तिने डाग नाकाशी नेला, नवऱ्याकडे पाहिलं आणि मला बादलीत टाकलं. त्या शनिवारी त्याने सॉना, म्हणजे घरची वाफेची खोली, तापवला, पण आत गेलाच नाही. सॉनात चर्चमध्ये बसावं तसं बसावं, असं तिथली जुनी माणसं म्हणतात. तो बाहेरच्या खोलीत बाकावर बसून राहिला. वरच्या खुंटीवर मी ठिबकत होतो. आम्ही दोघंही गुन्हेगार. त्याचा हात दचकला हे खरं, पण खाली तर मीच आलो होतो ना! वाऱ्याने मला वर अडकवून ठेवलं असतं तर, असं मी किती वेळा मनात घोळवलं.

मार्चमध्ये आमच्याच देशातल्या लाहतीची स्पर्धा आली. सकाळी टेकडीवर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत हिलमा स्कीला टेकून उभी होती. "मामा, आज झालं की मी उड्या बंद करते. नुसती धावेन. माझ्या पायातच उशीर आहे. तू तरी किती सांभाळून घेशील?"

आर्मासचा चेहरा राखेसारखा झाला. मी त्याच्या काखेत होतो.

"हिलमा, लिलहामरला तुझा उशीर झाला नव्हता."

"कधी?"

"पहिल्या उडीला. वारा पाठीमागून होता. माझ्या हातावर कॉफी सांडली आणि झेंडा पडला. तुझी उडी बरोबर होती."

ती हसली. "मस्करी करतोस."

"नाही गं."

मग तिचं हसू विरलं. "म्हणजे तीन महिने..." ती थांबली. "रोज मी तेच करत होते. तू शेजारी उभा राहून म्हणायचास, आणखी आधी."

"हो."

"का रे?"

"लाज वाटली. पहिल्या दिवशी कॉफीची. नंतर, सांगितलं नाही याची."

तिचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही. "चाळीस मिनिटांत मला उडी मारायची आहे, मामा. झेंडा राइवोकडे दे. आज तुझ्या हातात मला तो बघवणार नाही."

राइवोने मला उचललं. कॉफीला त्या दिवशी तो शिवला नाही. हिलमा उन्हाळ्यात सरावाला उड्या मारायची तशी निघाली आणि चौऱ्याण्णव मीटरवर उतरली. शर्यतीत नववी सुटली आणि पाचवी आली. शेवटच्या रेषेपलीकडे ती बर्फात आडवी पडली तेव्हा आर्मासने आपला कोट तिच्या अंगावर टाकला. तिने तो काढून फेकला नाही, पण त्याच्याकडे पाहिलंही नाही.

उन्हाळाभर ती मामाकडे फिरकली नाही. ऑगस्टमध्ये मात्र दारात येऊन उभी राहिली. "उड्या चालू ठेवायच्या आहेत. तुझ्याइतकं मला कुणी शिकवलेलं नाही. झेंडा तूच धर." केर्त्तू चुलीकडे वळली आणि उगाच भांडी आपटू लागली. आर्मासने मला खुंटीवरून खाली काढलं.

म्हणून आज मी पुन्हा त्याच्याच हातात आहे. टीप एका बाजूने उसवली आहे, रंग विटला आहे. तुमच्याही हातात कुणासाठी तरी असा एखादा झेंडा असेल. चुकून पडला तर त्याच दिवशी सांगून टाका. हसतील ते हसू द्या.

आमच्याकडून ते झालं नाही. त्यामुळे आता हिरवा दिवा लागतो, वारा चांगला असतो आणि आर्मास मला खाली आणतो, तरी हिलमा लगेच निघत नाही. ती आधी उतारावरच्या रिबिनी स्वतः बघून घेते. जेमतेम दोन सेकंद लागतात. तेवढा वेळ आर्मास मान खाली घालून उभा असतो. मग बर्फावर स्कीची खरखर ऐकू आली की तो वर बघतो.